द्वारपालाची नक्कल

शेवंतीच्या रागाची गावाला सवय होती. शाळेच्या स्वयंपाकघरात भाजीचं पातेलं ढवळताना तिचं तोंड सुटलं की पाव घेऊन आलेला पोदेर टोपली रिकामी करून निमूट काढता पाय घेई. पण तो वरवरचा राग. आतला राग तिनं सेहेचाळीस वर्षं झाकून ठेवला होता आणि तो एका नाटकातल्या पात्रावरून होता. पात्रावरून एवढा कसला राग, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी तिच्या बापाची गोष्ट ऐकावी.

बापाचं नाव धाकू. दोडामार्गाकडून तो गोव्यात पाळीजवळच्या या गावात खाणीवर कामाला आला, बायकोमुलांना घेऊन कायमचा राहिला. गावाचं स्वतःचं एक नाटक होतं, शंभरेक वर्षांपूर्वी गावच्याच एका कीर्तनकारानं लिहिलेलं, दर जत्रेला व्हायचं. त्यातली सोंगं घराण्यांकडे वाटलेली होती. राजाचं सोंग देवळाच्या महाजनांच्या घरी, प्रधानाचं कृष्णनाथ मास्तरांच्या घरी. गडाचं दार उघडून शत्रूला आत घेणारा द्वारपाल तेवढा नकोसा. ज्या घराकडे तो होता त्यांनी एका वर्षी हात वर केले. म्हणे, या सोंगापायी आमच्या मुलींची लग्नं अडतात.

मग जत्रेच्या कमिटीनं धाकूला बोलावलं. "आता तू गावचा झालास," असं सांगून द्वारपाल त्याच्या गळ्यात घातला. आणि धाकूला तो मान वाटला! त्यानं खाणीवर सगळ्यांना साखर वाटली. गावानं आपल्या दारातली घाण त्याच्या दारात लोटली होती, आणि हा भाबडा माणूस साखर वाटत फिरत होता.

धाकूला वाचता येत नव्हतं. त्याला त्याची नक्कल मिळाली, म्हणजे ज्यात फक्त आपली वाक्यं आणि आपल्याआधी बोलणाऱ्याचे शेवटचे शब्द उतरवलेले असतात, ती दोन पानं. तिसरीतली शेवंती ती वाचायची आणि बाप ऐकून पाठ करायचा. दुसऱ्या पानावर काही ओळी लाल शाईनं खोडल्या होत्या.

"ह्या नको वाचू गो," धाकू म्हणाला. "काटलेला आसा."

तिनं मोठ्यानं वाचलं नाही. मनात मात्र वाचलं, आणि लहानपणी वाचलेलं जातं कुठे?

नाटकात धाकू शत्रूच्या हातून सोन्याचं कडं घ्यायचा, दार उघडायचा आणि शेवटी सुळावर जायचा. लोक शिट्ट्या मारायचे. खेळ संपला की महाजन माचीवर, म्हणजे रंगमंचावर, एकेका नटाला मानाचा नारळ द्यायचे. द्वारपालाला मात्र मागच्या पायऱ्यांवर. पहिल्या वर्षी कुणीतरी थट्टा केली, फितुराला माचीवर कसला मान, आणि पुढच्या वर्षी त्या थट्टेची रीत झाली. धाकू तिथंच तो नारळ कपाळाला लावायचा. पुढे गावात कुणाची कोंबडी नाहीशी झाली तरी पहिल्यांदा 'द्वारपालाकडे बघा' म्हणायचे. साखळीहून शेवंतीला स्थळ आलं, तेव्हाही कुणीतरी हसत हसत पाहुण्यांच्या कानावर घातलं, बाप दार उघडणारा हो. पाहुणे पुन्हा आले नाहीत, आणि शेवंतीचं लग्न राहिलं ते राहिलंच. धाकूनं तेवीस वर्षं सोंग केलं. तो गेला आणि ते शेवंतीच्या धाकट्या भावाच्या, सदाशिवच्या अंगावर आलं.

यंदा गावानं नाटकाचं पुस्तक छापायचं ठरवलं. प्रस्तावना अर्थातच कृष्णनाथ मास्तरांची, ते निवृत्त मुख्याध्यापक. पुस्तक छापायला जाण्याआधी एका रविवारी दुपारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात परिसंवाद ठेवला, 'नाटकातील व्यक्तिरेखा आणि आशय'. शेवंती चहा द्यायला होती.

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं, "राजा म्हणजे त्याग. प्रधान म्हणजे विवेक. आणि द्वारपाल? तो वृत्तीनेच फितूर. परक्या मातीतून आलेल्या माणसाला गडाची माया कुठून असणार? हाच या नाटकाचा आशय."

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत सदाशिव बसला होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या. ते शेवंतीनं पाहिलं. तिनं हातातला ट्रे खुर्चीवर ठेवला, तडक घर गाठलं आणि देवांच्या फळीवरचं फडक्यात बांधलेलं बापाचं गाठोडं घेऊन परत आली. आतल्या दोन पानांच्या घड्या विरल्या होत्या.

"मास्तर, माका एक वाचून दाखवूचा आसा," ती म्हणाली. परवानगीची वाट न बघता तिनं लाल शाईखालचं वाचलं.

"'प्रधानजी, ही मुद्रा महाराजांचीच ना? मग आपली आज्ञा मला शिरोधार्य. तरी दाराला हात लावायला मन धजत नाही. येणारे आपलेच लोक आहेत, असं आपण म्हणता. ठीक आहे. आपल्या शब्दावर उघडतो.'"

शेवंतीचा आवाज चढला.

"आणि ह्याच्या आदी प्रधानाचे शेवटचे शब्द लिवलेले आसत, 'उघड, हा माझा शब्द.' कडा खंयसून इला मास्तर? हयसर तर मुद्रा आसा. माझो बापूस फितूर नाय हुतो. तुमच्या प्रधानान सांगला म्हणान त्येना दार उगडला."

"तो प्रवेश लांबत होता," मास्तर म्हणाले. "आमच्या बाबांनीच गाळला. मूळ बाडात आहे तो, मी कुठे नाही म्हणतो?"

आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. बाड त्यांच्याच कपाटात होतं. ते वाचूनही त्यांनी प्रधानाला विवेक म्हटलं होतं.

"या वर्सा आमचो सदाशिव दारार उबो रवाचो नाय," शेवंती म्हणाली. "तुमच्यातल्या कोणी उगडा."

सदाशिव घाबरून काही बोलायला उठला. तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि तो बसला.

पुढचे आठ दिवस कमिटी द्वारपाल शोधत घरोघर हिंडली. कुणाची कंबर धरली होती, कुणाला नेमकी पणजीची ड्यूटी लागली होती, कुणाच्या मुलीची बोलणी चालू होती. ज्या विवेचनाला सगळ्यांनी टाळ्या दिल्या, त्यातलं पात्र एकालाही घरात नको होतं.

नवव्या दिवशी सकाळी अकराला मास्तर शाळेच्या स्वयंपाकघरात आले. हातात छपाईची पानं होती. पोदेर पाव मोजत होता, तो मोजायचा थांबला.

"शेवंते, प्रवेश घातला पुस्तकात. माचीवरही होईल. प्रस्तावनेतलं ते वाक्यही काढलं. सदाशिवला पाठव."

शेवंतीनं ढवळणं थांबवलं नाही. "प्रधान यंदा कोण?"

"मीच."

"मगे ते शब्द तुमच्याच तोंडात येतले. माका आत्ता म्हणून दाखवा."

मास्तरांनी पोदेराकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग पुटपुटले, "उघड, हा माझा शब्द."

"मोठ्यान."

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. आयुष्यभर वर्गात गाजलेला त्यांचा आवाज त्या एका वाक्यात फाटला.

"आणि नारळ?"

"माचीवर. सगळ्यांबरोबर."

"बरा," शेवंती म्हणाली. "आणि माझ्या बापाशीक तेवीस वर्सां मागल्या पायरेर दिलात, त्येंचा काय करूया?"

मास्तर पानांची गुंडाळी करत उभे राहिले.

जत्रेला सदाशिव दारात उभा राहिला. त्यानं मुद्रा पाहिली, प्रधानाच्या शब्दावर दार उघडलं. या वेळी शिट्ट्या वाजल्या नाहीत. नारळही त्याला माचीवर मिळाला. शेवंती तो बघायला पुढे गेली नाही. बाप जिथं उभा राहायचा त्या मागच्या पायरीवर ती बसून होती, आणि तिचा राग तसूभरही उतरला नव्हता.