हॅम्बुर्गला कोण जाणार

जग बघायला मिळावं म्हणून मी सल्लागार झालो, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात सल्लागार म्हणजे काय, हेच सांगता सांगता जीव जायचा. "सल्ला तर आमचा न्हावीबी देतोय की," असं एका सूत व्यापाऱ्याने मला तोंडावर ऐकवलं होतं. वस्त्रविद्येची पदविका होती, गिरणीत नोकरी मिळत होती. ती मी सोडली, कारण इथले टॉवेल परदेशी जायला लागले होते. मालामागून माणूसही जाईल असं मला वाटलं. काम मिळण्याआधीच पासपोर्ट काढला. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, मी काहीतरी भानगड केली.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका टॉवेल कारखानदाराने मला सल्लागार म्हणून ठेवलं. घरात तेलुगू बोलणारा, माझ्याशी मराठीत. वर्षभरात हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं: धुतल्यावर टॉवेलचे काठ चुरमडतात, येऊन बोला. मी मालकांना म्हणालो, "ते लोक कसे धुतात ते बघितल्याशिवाय दोष कळणार नाही. मी जातो."

"तुमी हुशार हाय, त्यात शंका न्हाय," मालक म्हणाले. "पण तितं घरचा माणूस पाहिजे."

घरचा माणूस म्हणजे त्यांचे मेहुणे. मी त्यांना अकरा प्रश्न लिहून दिले. पाणी किती गरम, साबण कोणता, यंत्रात किती वेळ. तीन आठवड्यांनी ते नवा ओव्हरकोट हातावर टाकून परतले. उन्हाळा होता. मी विचारलं, "धुलाई पाहिलीत का?"

"हॉटेलात टॉवेल होते की. लई मऊ."

"आणि माझे प्रश्न?"

"ते बॅगेत राहिले बघा."

पुढचा मालही नापास झाला, आणि मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग तुमचा सल्ला कशाला घ्यायचा?"

त्या रविवारी मी दोन टॉवेल घरी आणले आणि मोठ्या पातेल्यात सोडा घालून तासभर उकळले. बायको म्हणाली, "स्वयंपाकाचं पातेलं आहे ते." टॉवेल तेवढा आटला नव्हता, काठ मात्र झालरीसारखा गोळा झाला होता. काठाचं सूत वेगळं होतं, तेच आटत होतं. आम्ही कारखान्यात गार पाण्याच्या बादलीत धुऊन बघत होतो, तिथे ते कधी दिसणारच नव्हतं. काठाचं सूत बदललं, माल पास झाला. पेढे वाटताना मालक सगळ्यांना सांगत होते, "मेहुणे जाऊन आले म्हणून जमलं."

मी पेढा खाल्ला आणि महिनाअखेर काम सोडलं.

त्यानंतर स्वतंत्रपणे सल्ला द्यायला लागलो. प्रत्येक पत्रात अट घालायचो: परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायला मी स्वतः जाणार. या अटीपायी चांगली तीन कामं हातची गेली. बायकोने एकदा विचारलं, "काम हवंय का प्रवास?" मला राग आला, आणि पुढच्या पत्रातही मी तीच अट लिहिली.

दशक संपता संपता एका चादरीवाल्याने अट मान्य केली. कुवेतला, चार दिवस. दुकानं, गोदाम, पुन्हा दुकानं. समुद्र हॉटेलच्या खिडकीतून दिसायचा. तिथपर्यंत चालत जायला दहा मिनिटं पुरली असती, पण यजमान व्यापारी सोडायलाच तयार नव्हता. परत येऊन मी सांगितलं, "गडद रंग बंद करा, चादर रुंद करा." त्यांनी तसंच केलं, आणि चादरी खपल्या.

पुढच्या वर्षी मी पुन्हा जाण्याचा विषय काढला. चादरीवाला मनापासून म्हणाला, "आता कशाला तुमाला तरास? तुमी सगळं नीट सांगितलंय की."