नागोरावांचा उतार

गीताला कुणी उचललेलं खपत नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, हैदराबादेत आबिड्सच्या एका विमा कचेरीत टेबलामागे बसून भल्याभल्यांना नियम ऐकवणारी, आणि कुठल्याशा दारात चार माणसं तिला खुर्चीसकट उचलतात तेव्हा ती हवेत लटकते. साडी सावरावी की चाक धरावं तेच कळत नाही. खालून कुणीतरी म्हणतं, "काही टेन्शन घेऊ नका ताई, आम्ही आहोत ना!" हे 'आम्ही आहोत ना' ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. तळपाय चालत नसले म्हणून काय झालं, आग तिथूनच निघते.

उचलणारे सगळे भले असतात, हीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाला शिवी हासडता येते. भला माणूस काखेत हात घालतो, धापा टाकतो, घाम पुसतो आणि पुण्य पदरात पडल्यासारखा हसतो. त्याला काय बोलणार? लग्नाच्या हॉलमध्ये तिला उचललं, बँकेत उचललं, मतदानालाही उचललं. हैदराबादच्या डोक्यावरून मेट्रो धावते, पुलाखालच्या खांबांवर रात्री निळे-जांभळे दिवे लागतात. पण नारायणगुड्याच्या फुटपाथवर चाकाची खुर्ची चढेल असा उतार शोधून दाखवा. सापडलाच तर त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब ठोकलेले असतात, मोटारसायकली चढू नयेत म्हणून. मोटारसायकलवाले बाजूनं वाट काढून चढतातच. अडकते ती गीता.

मग ती रस्त्याच्या कडेनं जाते. मागून ऑटोवाला हॉर्न दाबून धरतो. "कायकू रोडपे फिरते अम्मा? मरना है क्या?"

"फुटपाथ तेरा बाप खाया क्या?" गीता मान न वळवता विचारते. ऑटोवाला खजील होत नाही, पण हॉर्न तेवढा सोडतो.

हे तोंड तिला बापाकडून मिळालं नव्हतं. नागोराव मुलखाचे गरीब. उदगीरकडून पोट भरायला हैदराबादला आले, बस डेपोत फिटर झाले आणि चिक्कडपल्लीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत संसार मांडला. गीताला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. तेव्हापासून तिचं वाहन म्हणजे नागोरावांची पाठ. शाळेत जायचं तर पाठीवर, दवाखान्यात पाठीवर, जयंतीच्या मिरवणुकीत तर खांद्यावर, सगळ्यांपेक्षा उंच. पोरगी वयात आली तरी हा बाप तिला पाठीवर घेऊन नारायणगुड्याच्या शाळेत जायचा. एक दिवस शाळेच्या फाटकाशी वरच्या वर्गातल्या पोरी हसल्या. गीता बापाच्या कानात म्हणाली, "बा, मला खाली ठेव. पुन्हा उचलू नको."

नागोराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. लेकीनं आपल्याला टाकलं असंच त्यांना वाटलं. मग त्यांनी कुठूनशी जुनी चाकाची खुर्ची पैदा केली, डेपोत नेऊन तिचे सांधे उघडले, तेलपाणी केलं आणि आणून दारात उभी केली. "घे. आता मी तुझ्या मागं न्हाई, बाजूनं चालतो."

गल्लीतला बुद्धविहार मराठवाड्यातून आलेल्या याच लोकांनी वर्गणी काढून बांधलेला. पावसात गल्लीत पाणी भरतं म्हणून जोतं उंच घेतलं आणि तीन दांडग्या पायऱ्या झाल्या. बांधताना गीताची आठवण कुणालाच झाली नाही. नागोरावांनाही नाही, ती तेव्हा पाठीवरच होती ना! खुर्ची आल्यावर पहिल्या पौर्णिमेला ती पायऱ्यांशी थांबली आणि त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. त्या रविवारी नागोरावांनी सिमेंट कालवलं.

पहिला उतार पार फसला. स्कूटर चढवायला करतात तसा त्यांनी तो छातीवर येईल असा उभा केला. सिमेंट वाळल्यावर स्वतः खुर्चीत बसून चढायला गेले, अर्ध्यावर चाकं फिरली आणि फिटरसाहेब थेट समोरच्या भाजीच्या गाड्यावर. सखूबाई, म्हणजे गीताची आई, ओट्यावरून ओरडल्या, "आता बापलेक दोघंबी खुर्चीतच बसा!" गल्ली पोट धरधरून हसली. नागोरावही हसले. मग पहार घेऊन त्यांनी तो उतार फोडला आणि दुसरा केला, लांबलचक, रस्त्याच्या कडेपर्यंत पसरलेला. त्यावरून गीता एकटी वर गेली. मागं कुणी नाही, बाजूला बाप.

पण दारात पुन्हा अडलं. विहारात चप्पल काढून जायचं, मग रस्त्यावरून आलेली चाकं आत कशी न्यायची? कुणी म्हणालं, खुर्ची बाहेर ठेवू, पोरीला उचलून आत बसवू. नागोराव उठले. घरातून बादली आणि जुनं धोतर घेऊन आले, उंबऱ्याशी बसून दोन्ही चाकं धुतली, पुसली. "झाली चप्पल काढून," म्हणाले. तेव्हापासून दर पौर्णिमेला हेच. सगळे चपला काढत आणि नागोराव लेकीची चाकं धूत. ती बादली विहाराच्या दारामागे कायमची राहिली.

गेल्या वर्षी थंडीत नागोराव गेले. उन्हाळा लागता लागता गल्लीत फुटपाथ सुशोभनाचं काम निघालं. सुशोभन! रंगीत फरश्या आल्या, कुंड्या आल्या, आणि ठेकेदाराच्या माणसांनी उताराचा खालचा भाग 'अतिक्रमण' म्हणून फोडला. गीता तेव्हा कचेरीत होती. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याची भट्टी आणि तिचं पत्र्याचं छप्पर अख्खं फुटपाथवर होतं. त्याला कुणी हात लावला नाही. नवा फुटपाथ त्या भट्टीला वळसा घालून गेला. बापानं लेकीसाठी केलेला उतार तेवढा शहराच्या डोळ्यांत खुपला.

ती कचेऱ्यांत गेली. एका कचेरीत साहेब पहिल्या मजल्यावर होते आणि लिफ्ट नव्हती. शिपाई म्हणाला, "उचलून नेऊ का, मॅडम?" ती तिथूनच परतली आणि वाटभर ज्या शिव्या तिनं दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

शहरावरचा राग एक वेळ माणूस गिळतो. शहर परक्याचं असतं. पण विहाराची समिती? समितीचे अध्यक्ष सुरेशभाऊ, आणि सेक्रेटरी कोण, तर गीताचा सख्खा धाकटा भाऊ धम्मदीप. उतार आवाराच्या आतूनच भिंतीलगत वळवून घेता आला असता. फक्त चपला ठेवायचा लोखंडी घोडा आणि पाण्याची टाकी हलवायला हवी होती. एवढंच. पण "बघू", "पावसाळा होऊ दे", "सगळ्यांशी बोलू". आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "तोवर आम्ही उचलू ना तुला, आक्का. आम्ही काय परके आहोत?"

"परके असता तर बरं झालं असतं," गीता म्हणाली. "पिढ्यान् पिढ्या आपल्याला दाराबाहेर ठेवलं म्हणून आपण आपलं दार बांधलं. आणि त्याच दाराबाहेर तुम्ही मला ठेवता? वर विचारता, उचलू का?"

सखूबाई म्हणाल्या, "उचलून का व्हईना, आत तर जाशील. दगडापेक्षा वीट मऊ, बाई." त्यावर गीता आईशीही आठ दिवस बोलली नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात संस्थापकांचे फोटो लागणार होते. त्यात नागोरावांचा फोटो होता, आणि त्याला पहिलं फूल गीतानं वाहायचं ठरलं. तिनं भावाला स्पष्ट सांगितलं, "बाच्या फोटोपुढं मी लोकांच्या हातात लटकत जाणार नाही. चाकावर जाईन, नाहीतर जाणार नाही."

"होईल, आक्का. मी करतो काहीतरी," धम्मदीप म्हणाला.

पौर्णिमेच्या सकाळी ती पांढरी साडी नेसून, मांडीवर फुलांची पुडी ठेवून गल्लीच्या तोंडाशी आली आणि जागीच थांबली. विहाराच्या पायऱ्यांवर उतार होता! मांडववाल्या यूसुफभाईनं जाड फळ्या जोडून, खाली ठोकळे देऊन रस्त्यापासून दारापर्यंत लांबलचक चढ केला होता आणि त्यावर लाल गालिचा अंथरला होता. भावाबद्दल आपण काय काय बोललो! पोरगा शब्दाला जागला. ती भराभर चाकं फिरवत पुढं आली.

सुरेशभाऊ हात आडवा करून उभे राहिले. "ताई, जरा थांबा. गालिच्यावर चाकांचे डाग पडतील. मल्लेशअण्णा आत जाऊ द्या, मग बघू."

"मल्लेशअण्णा?"

"प्रमुख पाहुणे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून तर रातोरात हे सगळं केलं." सुरेशभाऊंच्या तोंडावर अभिमान मावत नव्हता.

गीतानं धम्मदीपकडे पाहिलं. तो मांडवाच्या दोऱ्या तपासत होता. दोऱ्यांत तपासण्यासारखं काही नव्हतं.

मल्लेशअण्णा, म्हणजे त्या भागातले पुढारी, गाड्यांचा ताफा घेऊन आले आणि काठी टेकत फळ्यांवरून वर गेले. त्यांच्यामागे सगळा लोंढा आत घुसला, दार भरलं, आणि गीता बाहेर उन्हात. कर्ण्यावरून बापाचं नाव ऐकू आलं. "कालकथित नागोरावजी समतेसाठी आयुष्यभर झिजले..." टाळ्या पडल्या. पहिलं फूल पाहुण्यांनी वाहिलं. कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं, कारण दोन भली माणसं बाहेर येऊन म्हणाली, "चला ताई, मागच्या दारानं पटकन उचलून नेतो."

"हात लावून बघा," गीता म्हणाली. ती माणसं मागच्या मागं आत गेली.

अर्ध्या तासात पाहुणे गेले. धूळ बसली नव्हती तोवर यूसुफभाईच्या माणसांनी गालिचा गुंडाळायला घेतला. गरज सरो, वैद्य मरो. एकानं खालच्या फळीला हात घातला, आणि गीतानं दोन्ही चाकांना असा जोर दिला की मांडीवरची पुडी खाली पडून फुलं सांडली. फळ्या करकरल्या. ती अर्ध्या चढावर गेली आणि तिनं खटकन ब्रेक लावला.

"अम्मा, जरा बाजू हो जाओ," यूसुफभाई म्हणाला. "तख्ते लेना है. शाम कू काचीगुडे में वलीमे की दावत है."

"ले जाओ यूसुफभाई. पहले मेरेकू उठाना पडेगा. और मेरेकू हात लगाने की इजाजत किसीकू नई."

यूसुफभाईनं डोकं खाजवलं आणि सुरेशभाऊंकडे पाहिलं. सुरेशभाऊ धम्मदीपकडे पाहू लागले. विहारातली माणसं दारात गोळा झाली. धम्मदीप खाली आला, हळू आवाजात म्हणाला, "आक्का, लोक बघायलेत. तमाशा नको ना करू."

"बघू दे! एका गुडघ्यासाठी रातोरात उतार होतो आणि माझ्यासाठी पावसाळा जायला पाहिजे? फोडला होता तो उतार कुणाचा होता रे? तुझ्या बापाचा होता! मोडला तेव्हा तू कुठं होतास? आज त्याच बापाचा फोटो लावताना मला उन्हात उभी केलीस. उभी म्हणते मी! उभं राहता आलं असतं तर तुझ्या कानाखाली जाळ काढला असता."

धम्मदीपची मान खाली गेली. कुणीतरी मागून म्हणालं, सखूबाईंना बोलवा, त्या समजूत घालतील. सखूबाई दारात आल्याच होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं, सांडलेल्या फुलांकडे पाहिलं आणि आत वळल्या. सुरेशभाऊंनी सुस्कारा सोडला.

सखूबाई परत आल्या त्या बादली घेऊन. दारामागची तीच बादली, तेच जुनं धोतर. फळ्यांवरून सावकाश उतरून त्या लेकीपाशी बसल्या. एक चाक धुतलं, पुसलं. दुसरं धुतलं. मग त्या धम्मदीपला म्हणाल्या, "फुलं वेच." त्यानं वाकून एकेक फूल वेचलं आणि बहिणीच्या मांडीवर ठेवलं. मागून खुर्चीचा दांडा धरायला त्याचा हात गेला.

"हात काढ," गीता म्हणाली. त्यानं हात काढला.

ती एकटी वर गेली. दारातली गर्दी बाजूला झाली. नागोराव फोटोत होते, शर्टाचं वरचं बटण लावलेले, जरा घाबरलेले. तिनं फूल वाहिलं, हात जोडले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा ती रडली. रागानंच रडली. मग डोळे पुसून ती वळली, उतारावर अर्ध्यापर्यंत आली आणि पुन्हा ब्रेक लावला.

"आता काय, आक्का?" धम्मदीपनं विचारलं.

"यूसुफभाईला संध्याकाळी फळ्या लागणार आहेत. त्याचं काम अडवू नका. चपलांचा घोडा हलवा, टाकी हलवा आणि सिमेंट आणा. काम सुरू झालेलं दिसलं की मी उठते."

"मी नाही ऐकलं तर?" सुरेशभाऊ चिडून म्हणाले.

गीतानं ब्रेकचा दांडा आणखी घट्ट दाबला. सखूबाई तिच्या बाजूला फळीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि बादली पायाशी ओढून घेतली. मग धम्मदीप चपलांच्या घोड्याकडे गेला आणि त्यावरच्या चपला खाली उतरवू लागला.