पुस्तकातली चिठ्ठी

आदिलाबादच्या वाचनालयात पुस्तकं काढून देणारा तो माणूस सरकारी पुस्तकात पेनाची रेघही ओढू देत नसे. जिल्ह्याच्या माहितीपुस्तकात मात्र त्याने स्वतःच एक चिठ्ठी ठेवली होती: ‘तामसीकडचं आमचं गाव रेल्वे आल्यावर वसलं, हे चूक आहे. विद्यार्थ्यांनी मला भेटावं.’

जो भेटे, त्याला तो रविवारी बसने गावी नेई. एकदा मुलांबरोबर मीही गेलो. कपाशीच्या शेतांमध्ये जुन्या गावाची ओसाड जागा होती. तिला सगळे रीठ म्हणत. शेंदूर फासलेला मारुती तेवढा तिथे उरला होता.

“गाव उठून तिकडं रुळाकडं गेलं, देव नाई उठला,” तो म्हणाला. “आजबी नवरदेव आंधी इथं पाया पडते, मंग मांडवात जाते. माह्या आज्याचा आजाबी इथूनच गेला. तवा कुठं होती रेल्वे?”

“मग परीक्षेत काय लिहू?” एका मुलीने विचारलं.

“पुस्तकातलंच लिव, मार्क भेटतीन. पुस्तक आपुन बदलवू.”

ते पुस्तक मीच लिहिलं होतं, आदिलाबादेत खुर्चीवर बसून. त्याला ते ठाऊक होतं. मुलांसमोर तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. पिशवीतला नारळ काढून त्याने माझ्या हातात ठेवला.

“सर, तुमी फोडा.”