नदीच्या नावाचा नवरा

पिंपळीची साखरबाई म्हणजे तोंडाची फटकळ बाई. बारामतीच्या बाजारात तिची वांगी कुणी दाबून बघितली, की त्याचा तिथल्या तिथं उद्धार झालाच म्हणून समजा. पण याच बाईला नवऱ्याचं नाव विचारा, की बसली दातखीळ! तुम्ही म्हणाल, त्या काळी कोणती बाई नवऱ्याचं नाव घेत होती? खरंय. पण साखरबाईची गत त्याहून न्यारी. तिच्या नवऱ्याचं नाव भीमा, आणि माहेर इंदापूरकडं, भीमा नदीच्या अगदी काठावर. लग्न लागलं त्या दिवसापासून बिचारीची नदीच तोंडातून गेली. 'माहेरी नदीला पूर आलाय' एवढंच म्हणायची. कोणत्या नदीला, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

स्वराज्य आलं, बाईमाणसालाही मत आलं. मतदारांच्या याद्या करायला एक कारकून भर दुपारी पिंपळीत आला. गडीमाणसं सगळी रानात. साखरबाई दारात मेथी निवडत बसलेली.

"नाव?"

"साखरबाई राऊत."

"नवऱ्याचं?"

साखरबाईनं पदर तोंडाला लावला. कारकून वैतागला. "अगं बाई, सांग की लवकर. अजून अख्खी आळी करायचीय मला."

"आमच्या नदीचं हाय की नाव," ती कशीबशी म्हणाली.

पिंपळीच्या रानात पाटानं खेळतं ते नीरेचं पाणी. बाई 'आमची नदी' म्हणते ती माहेरची असते, हे त्या शहाण्याला कुठलं ठाऊक! त्यानं लिहून टाकलं, 'साखरबाई नीरा राऊत', आणि गेला पुढच्या दाराला.

बावन्न साली मतदान झालं. साखरबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून शाळेत गेली. भीमा सकाळीच मत देऊन पाण्याच्या पाळीवर गेला होता. टेबलामागच्या साहेबानं यादी वाचली आणि विचारलं, "नीरा राऊत तुझा नवरा का?"

"न्हाय वो! त्यो न्हाय, दुसरी नदी!"

सगळी शाळा हसली. सर्वांत मोठ्यानं हसले संभाजीराव. ते गावचे पुढारी, मोठे बागायतदार आणि त्या दिवशी एका उमेदवाराचे माणूस म्हणून तिथं बसलेले. साहेब तसा वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, यादीत आहे ते आहे. तू नुसतं हो म्हण आणि आत जा. चिठ्ठी टाक पेटीत."

नुसतं हो म्हण! साखरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "मतापायी दुसऱ्याची बायकू हू व्हय मी?" असं म्हणून तरातरा चालती झाली. घरी येऊन मात्र चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. तिला राग हसणाऱ्यांचा नव्हता. लुळ्यापांगळ्यांना पाठीवर घालून मताला नेलं होतं, आणि आपण धडधाकट असून माघारी आलो, हे तिच्या जिव्हारी लागलं.

मग काय, गावाला आयताच विषय मिळाला. संभाजीराव तर बांधावरून हाक मारायचे, "काय नीराबाई, नवरा कुठं वाहत गेला?" भीमा हसून सोडून द्यायचा. भला माणूस, पण त्याच्या हसण्याचाच तिला जास्त राग यायचा.

छप्पन साल उजाडलं. नव्या निवडणुकीची यादी चावडीवर लागली आणि त्यात पुन्हा नीराच! जुन्या यादीवरून डोळे मिटून उतरवलेली. हरकत घ्यायला आठ दिवसांची मुदत होती. या खेपेला भीमा स्वतः उठून चावडीवर गेला. तिथला माणूस म्हणाला, "तू भीमा असशील रं. पण ही तुझी बायको हे तिनं सांगाय नगं? अर्ज तिचा, तिनंच यावं आणि नाव सांगावं."

चार गड्यांसमोर धन्याचं नाव! साखरबाईनं डोक्याला हात लावला. पाच वर्षांनी आलेली वेळ हिच्या हातून पुन्हा निसटणार, हे सरळ दिसत होतं.

बाजारात तिच्या समोरच दत्तोबांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, पायानं चालवायचं एक यंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, चार पेट्या. त्यावर दत्तोबा लग्नपत्रिका, हँडबिलं छापायचे आणि त्यातून पोट भरून दर आठवड्याला 'पाटपाणी' नावाचं चार पानी वर्तमानपत्र काढायचे. पाटाला पाणी का सुटलं नाही, दवाखान्यात औषध का नाही, असलं सगळं त्यात बेधडक यायचं. त्यामुळं दत्तोबांना रामराम करणारे पुष्कळ होते, पण चहा पाजणारा एक नव्हता.

त्या दिवशी वांगी घेताना दत्तोबांनी विचारलं, "आज तोंड का बंद? कुणाला शिवी नाही, काही नाही!"

साखरबाईनं सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळ्यांना पदर लावला. दत्तोबा हसले नाहीत. तिथंच, पोत्यावर, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाई, संक्रांतीला हळदीकुंकवात नाव घेता का नाही?"

"आता गं बया! तितं तर घ्यावंच लागतं. पर त्यो उखाणा असतुय."

"मग उखाण्यातच सांगा. नाव ते नाव. कुठल्या कायद्यात लिहिलंय, की उखाण्यात सांगितलेलं चालत नाही?"

एवढी साधी गोष्ट, आणि पाच वर्षांत एका शहाण्याला सुचली नव्हती!

दत्तोबा तेवढ्यावर थांबले नाहीत. सायकल काढून आसपासच्या गावांतल्या याद्या बघून आले. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही म्हणून कुठं 'झुंबरची आई' एवढंच लिहून पुढं ती नोंदच उडवलेली, कुठं 'थोरली सून'. चौदा बाया निघाल्या. दत्तोबांनी चौदाजणींकडून उखाणे घेतले आणि पहिल्या पानावर छापायचं ठरवलं, गावासकट, यादीतल्या नंबरासकट.

संभाजीरावांना कुणकुण लागली. ते छापखान्यात आले तेव्हा साखरबाई समोरच भाजी मांडत होती. "दत्तोबा, लोकांच्या लेकीसुनांची नावं पेपरात छापता? अब्रू हाय का न्हाय? ह्ये छापलं, तर निवडणुकीचं एक हँडबिल हितं येणार न्हाय. सांगून ठिवतो."

दत्तोबांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे संभाजीराव. साखरबाई उठून पुढं झाली. "दत्तोबा, माझ्यापायी ऱ्हाऊ द्या. न्हाय मिळालं मत, तर काय मरत न्हाय मी."

दत्तोबांनी खिळे जुळवता जुळवता मानही वर केली नाही. "बाई, तुमच्यापायी नाही छापत. नाव खोटं लागलंय म्हणून छापतोय. तुम्ही गिऱ्हाईक बघा."

आणि छापलं! पहिल्याच नंबरावर:

'वांग्याच्या वाफ्याला पाटाचं पानी,
भीमारावांचं नाव घेते, लिवून घ्या कोनी.'

तो अंक हातोहात गेला. पारावर वाचला, दळणाच्या चक्कीवर वाचला, भीमानं तर घडी घालून टोपीत ठेवला. मुदत संपायला एक दिवस उरला असताना तालुक्याचा एक अधिकारी 'पाटपाणी'चा अंक हातात घेऊनच पिंपळीच्या चावडीवर आला. साखरबाईला बोलावलं. चावडीत गडीमाणसं दाटलेली, संभाजीरावही होते. पण डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं उखाणा खणखणीत म्हटला.

अधिकाऱ्यानं टाक उचलला. "भीमा लिहू की भीमाराव?"

"सासूनं भीमा ठिवलं," साखरबाई म्हणाली, "राव मी लावते."

चावडी पुन्हा हसली. पण हे हसणं निराळं होतं, आणि साखरबाईही त्यात हसली.

सत्तावन्न साली साखरबाईनं मत दिलं. यादीतलं नाव साहेबानं मोठ्यानं वाचलं, बोटाला शाई लागली, पडद्याआड जाऊन तिनं पेटीत चिठ्ठी टाकली. लगेच उठून ती बारामतीला गेली. पाटीत वांगी, मेथी, गवार, जे होतं ते सगळं भरून नेलं. अख्ख्या निवडणुकीत छापखान्यात एकही हँडबिल आलं नव्हतं. संभाजीरावांनी शब्द खरा केला होता. यंत्र गप्प होतं आणि दत्तोबा एकटेच खिळे पुसत बसले होते.

साखरबाईला भडभडून आलं. पाटी त्यांच्यापुढं ठेवून ती खाली वाकली. "दत्तोबा, तुमी व्हता म्हणून माणसात आले. धन्याच्या नावानं मत दिलं मी. तुमचं उपकार जल्मात फिटायचं न्हाईत."

"उपकार कसले बाई! उठा, उठा." दत्तोबांचे डोळे भरले होते. ते लपवायला त्यांनी एक वांगं उचलून उगाच दाबून बघितलं, आणि आज साखरबाई काही बोलली नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "ते जाऊ द्या. मत दिलंत कुणाला, ते तरी सांगा."

साखरबाईनं पदर तोंडाला लावला. आतून हसत होती.

"धन्याचं नाव सांगितलं की तुमास्नी," ती म्हणाली. "ह्ये नाव मातर उखाण्यातसुदीक घेणार न्हाय."