बालवीरायचा तंबू आन कोनाड्यातली डबी

बालवीरायच्या तंबूसाठी मोताळ्याच्या बाजारात माह्या लेकराची नाळ मांडली होती, आन ते मीच घरून धाडली होती.

झालं असं का, शाळेतल्या बालवीरायले, त्या स्काउटवाल्या पोरायले, तंबू घ्याचा होता. माहा दीर बबन त्याईच्यातच. मास्तरनं सांगतलं, पैसे जमवाची युक्ती घरून इचारून या. घरात मले कोनी काही इचारत नाही (शाळा मी दुसरीतच सोडली), बबननं इचारलं तं मी फुगलीच! म्हन्लं, भुलाबाईच्या सनाले आपुन डबी कानापाशी हलवून खिरापत वळखतो ना? तसंच करा. बंद डबी ठेवा, पैसा घ्या, हलवू द्या. जो वळखन त्याची डबी. मास्तरले युक्ती आवडली. डबीबी माह्याचकडून मांगतली!

मी पितळी डबीत खारका भरून कोनाड्यात ठेवल्या. तिच्याच बाजूले तशीच डबी सासूबाईची. तिच्यात लेकराची पडलेली नाळ, वाळवून, ओव्यात ठेवलेली. पोट दुखलं का सासूबाई उगाळून चाटवत. नाळ हरवली तं लेकराले भोवते, हे त्याईनं इतक्या खेपा सांगतलं का मले झोपेतबी ते डबी दिसे. बाजाराच्या दिवशी लेकरू रडून राह्यलं, दूध उतू चाललं, बबन दारातून हाका मारून राह्यला. मी डबी उचलली आन त्याच्या हातात देली.

दुपारी लेकराचं पोट फुगलं. सासूबाईनं कोनाड्यातली डबी उघडली. आत खारका.

"नाळ कुठी हाय व?"

"बाजारात," मी म्हन्लं.

त्या खालीच बसल्या. मी लेकरू काखेत मारलं आन पयाली. पायात काही नाही, डोयात पानी, तोंडात देवाचं नाव. माय, माह्या लेकराले काही झालं तं?

बाजारात ही गर्दी! जो तो पैसा टाके, डबी हलवे. कोनी म्हने शेंगदाने, कोनी म्हने शिंगाडा. आन समोरच मामाजी, माहे सासरे, मांडी घालून बसलेले. त्याईच्यापुढं मी लगनापासून तोंड उघडलं नव्हतं! आता एवढ्या मानसायत काय सांगू? पदर नाकापर्यंत वढला आन बबनले हातानं खुना केल्या. त्याले वाटलं वहिनी शाबासकी देऊन राह्यली. त्यानं मले तीन बोटाची सलामी ठोकली!

तेवढ्यात पाटलानं डबी घेतली. कानापाशी हलवली. मिशीवरून हात फिरवला.

"खारीक."

मास्तरले बबननं सकाळीच सांगून ठेवलं होतं आत काय हाय ते. त्याईनं टाळी वाजवली, "बरोबर!" सारा बाजार टाळ्या वाजवाले लागला. डबी उघडली. पाटलानं ते काळं, वाळलेलं चिमटीत धरून उन्हात पाह्यलं.

"लय जुनी दिसते मास्तर."

मास्तर वशाळले. म्हन्ले, जुनी गोड असते. पाटलानं ओवा फुकून उडवला आन हात तोंडाकडं नेला.

"खाऊ नका हो! माह्या पोराची नाळ हाय थे!"

एवढा मोठा आवाज माहा हाय, हे मलेबी त्याच दिवशी समजलं. मामाजी पागोट्याचा शेव निरखून पाहू लागले. जमीन फाटती तं मी लेकरासकट आत गेली असती.

पाटलानं नाळ हळूच डबीत ठेवली. हात धोतराले पुसला. मंग पुन्हा पुसला.

"माहं चुकलं, मास्तर," ते म्हन्ले. "या बाईनं बरोबर वळखलं. डबी तिची. तिचा पैसा मी देतो."

लेकराचं पोट रातीतून बसलं. सासूबाईनं सोनाराकडून नाळेचा ताईत करून आनला. मी लेकराचा गळा पुढं केला, तं त्याईनं तो माह्याच गळ्यात बांधला.

म्हन्ल्या, "लेकरू शहानं हाय. राखन लागते ते तुले."