धनुष्याला पटवेकऱ्याची गाठ

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावच्या आमच्या तिरंदाजी मंडळात टोकांना चाकं असलेलं नव्या पद्धतीचं 'कंपाउंड' धनुष्य एकच होतं, आणि ते वापरणारा मीही एकटाच. बाकीचे बांबूच्या धनुष्यांनी नेम धरायचे. त्यामुळे या विषयातला तज्ज्ञ मीच, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी.

या धनुष्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. बाण लावायच्या जागी दोरीला एक छोटा फास बांधतात आणि हातातल्या खटक्याचा आकडा त्यात अडकवून ओढतात. खटका दाबला की बाण सुटतो. पुण्याच्या दुकानदाराने मला दोन खटके दाखवले. एक मनगटाला पट्ट्याने बांधायचा, नवशिक्यांना सोयीचा. दुसरा मुठीत धरून अंगठ्याने दाबायचा, मुरलेल्या लोकांसाठी. मी कुठला घेतला हे सांगायला नको. सरावात हात हनुवटीपाशी येण्याआधीच अंगठा दाबला जाई आणि माझीच मूठ माझ्या तोंडावर बसे. सुजलेला ओठ घेऊन मी पाइपच्या कारखान्यात कामाला जायचो. तिथल्या लोकांनी बायकोविषयी काय समजूत करून घेतली, ते तिला अजून माहीत नाही.

फासासाठी दुकानदाराने काळ्या दोरीचा एक तुकडा दिला होता. दिसायला अगदी बुटाच्या नाडीसारखा. आणि धुळ्याला राज्य स्पर्धेची निवड चाचणी होती. ती बघायला शिंदखेड्याहून आबा, म्हणजे माझे वडील, येणार होते. माझं काही जाऊन बघावं असं त्यांना तोवर कधी वाटलं नव्हतं. "लगन झायं, पोरं झायात, आनि हाऊ धनुष्य लिसन फिरस," असं ते गावभर सांगत. मला निवडीपेक्षाही त्यांच्या तोंडून एकदा बरा शब्द ऐकायचा होता. तिशी उलटली तरी ही हाव सुटली नव्हती. मग त्यांच्यासमोर बुटाची नाडी बांधून कसं उभं राहायचं?

म्हणून मी सराफ बाजारातल्या पटवेकऱ्याकडे गेलो. मंगळसूत्रं, पोती रेशमात ओवून देणारा हा माणूस. धनुष्य मांडीवर घेऊन त्याने ते बराच वेळ न्याहाळलं.

"भाऊ, हाई कोनी गळामा घालस का?"

"नाही हो. ओढायचं असतं."

"मंग लाल रेशीम लावस. मजबूत शे."

फास देखणा झाला. त्याला खाली गोंडाही लावायचा होता. मी नको म्हणालो, पण मनापासून नव्हे. गाठ त्याने हाताच्या सवयीने सरकती मारली, दागिना लांब-आखूड करता यावा म्हणून मारतात तशी. मी ती धनुष्याच्या दोरीवर दोन बोटांनी वर-खाली सरकवून पाहिली आणि खूश झालो. ही सोय पुण्याच्या दोरीत नव्हती!

धुळ्याच्या मैदानावर आबा धुतलेली टोपी घालून पुढेच बसले होते. माझा पहिला बाण थेट मधल्या पिवळ्या वर्तुळात लागला. दुसरा जरा वर, तिसरा आणखी वर. प्रत्येक ओढीला फास दोरीवर खाली सरकत होता, बाणाचं शेपूट खाली जात होतं आणि तोंड आभाळाकडे. मी आधी वाऱ्याला दोष दिला, मग मैदानाला. गाठीकडे मात्र पाहिलं नाही. ती मी स्वतः पसंत केली होती ना! शेवटचे बाण टार्गेटच्या डोक्यावरून गेले आणि मागच्या मातीच्या बांधात घुसले. पंचांनी मान हलवली. निवड तर गेलीच, पण मला रडू आलं ते आबांनी हे सगळं पाहिलं म्हणून.

मान खाली घालून मी त्यांच्याकडे गेलो. ते आजूबाजूच्या अनोळखी माणसांना हातवारे करून सांगत होते, "मना पोऱ्या शे तो! बठ्ठासना तीर तठेच अटकी ग्यात. याना पार गया!"

'आबा, तसं नसतं, सगळ्यांचे बाण अडकले तेच बरोबर,' म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लहानपणीही त्यांनी अशी थाप कधी मारली नव्हती. मी तोंड मिटलं, आणि आबा होते तोवर ते काही उघडलं नाही.