‘आमी चुकलो’ म्हणणाऱ्या वत्सलाबाई

डॉक्टर वत्सलाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती फुटाणे खात. नागपुरात सीताबर्डीच्या त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडरची जागा होती. दुपारी रोगी नव्हते. बाई बाटल्यांवर चिकटवायच्या कागदी पट्ट्यांना डोसाच्या खाचा पाडत होत्या. मलाही कात्री दिली आणि मध्ये पुडा ठेवला. "कॉन्व्हेंटची आहेस न वं? रोग्यांशी मराठीत बोलशील का नुसती प्रार्थनाच म्हणशील?" मी हसले आणि नोकरीला लागले.

बाईंचा एक नियम होता. दोन वर्षांखालच्या मुलाला त्यांनी तपासल्याशिवाय काहीही द्यायचे नाही. तो मी मोडला. ते सांगण्यासाठीच या गौरवग्रंथात लिहायचे मी कबूल केले.

कामठीच्या एका विणकराच्या पत्नी सरूबाई आठ महिन्यांच्या गजूला घेऊन आल्या. त्याचे तोंड आले होते, म्हणून बाईंनी जांभळे औषध आधीच दिले होते. "दात येऊन राहिले जी पोराले. सारखा रडते. हिरड्या बधिर व्हाचं काही द्या न." बाई व्हिजिटला गेल्या होत्या. औषध कंपनीच्या माणसाने ठेवलेली तसल्याच औषधाची नमुन्याची बाटली कपाटात होती. असले औषध कोणत्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत असे. मी दिली. "थोडं लावा," म्हटले. थोडे म्हणजे किती, ते सांगितले नाही. गजू रडला की सरूबाई लावत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा गजू रडत नव्हता. ओठ काळेनिळे होते. "जांभळ्या औषधाचा रंग आहे तो," असे म्हणून मी त्यांना बाकावर बसवले. बाई तासाभराने आल्या. त्यांनी गजूचा हात उचलून आधी नखे पाहिली.

"नखायलेबी जांभळं लावलं काय वं?"

"नाही जी. फकस्त तोंडाले."

मोठ्या इस्पितळात त्याचे रक्त सुईत चॉकलेटसारखे तपकिरी आले. हिरड्या बधिर करणाऱ्या त्या औषधाने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच घालवली होती. ऑक्सिजन लावूनही रंग पालटला नाही. गजू संध्याकाळी गेला.

"कायनं गेला जी?" सरूबाईंनी विचारले. तापाने, असे म्हणता आले असते. बाई म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यातल्या औषधानं. तुमचं काही चुकलं नाही. आमी चुकलो." माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

मला काढले नाही. कामठीचे रोगी मात्र कित्येक महिने आले नाहीत. दात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला बाई माझ्यासमोर बसवू लागल्या, आणि मी सांगू लागले: हात धुऊन बोटाने हिरड्या हलक्या चोळा, स्वच्छ गार ओले फडके चावायला द्या, बधिर करणारे काही लावू नका. स्वतः त्या, हे औषध विकू नका म्हणून सांगत, इतवारीतल्या औषधांच्या दुकानांच्या पायऱ्या चढत राहिल्या. "आमचा धंदा बसवता काय, बाई?" एकाने विचारले. "माझा बसलाच आहे गा," बाई म्हणाल्या, "ते बाटलीचं खोकं खाली काढ."

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, पाय चालते राहोत, आणि आणखी पुष्कळ लेकरांचे हात त्यांच्या हातात येवोत. सत्काराची शाल त्यांना नको आहे. ती दवाखान्यातल्या आयाबाईंना द्यावी. ग्रंथाच्या प्रती वाचनालयांच्या आधी औषधांच्या दुकानांत, काउंटरमागे उभ्या असणाऱ्याच्या हातात द्याव्यात. एक प्रत सरूबाईंची. त्यांना वाचता येत नाही, आणि ती बाटली बाईंच्या सांगण्यावरून दिली गेली, असे त्या आजही समजतात. ती प्रत माझ्याकडे द्यावी. मी कामठीला जाऊन हा लेख त्यांना पूर्ण वाचून दाखवणार आहे.